वास बंद झाला होता: बुटीबोरीतल्या एका टाकीचं प्रकरण

मे महिन्यातली सकाळ, साडेनऊचा सुमार. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत दोन माणसं बेशुद्ध पडली. पहिला गाळ काढायला उतरला होता, दुसरा त्याला वर काढायला. तिसराही उतरायच्या बेतात होता. त्याला एका फिटरने कमरेला मिठी मारून मॅनहोलपासून मागे ओढलं आणि तो सुटायला धडपडत असतानाही सोडलं नाही. दोघं वाचले. त्यातल्या एकाला अकरा दिवस मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयात, काढावे लागले आणि त्याचा खोकला नंतर कितीतरी महिने टिकला.

मी बावीस वर्षं हिंगणा, कळमेश्वर, बुटीबोरी या पट्ट्यात सुरक्षा अधिकारी होतो, आता सल्लागार म्हणून काम करतो. या अपघातानंतर तिथल्या कारखानदारांची संघटना आणि कामगार संघटना पहिल्यांदा सुरक्षेच्या एकाच विषयावर समोरासमोर बसल्या. टिपणं ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी ना मालकांचा, ना युनियनचा, आणि दोघांचाही थोडा थोडा संशय माझ्यावर होता, म्हणून बहुधा. कारखान्याचं, ठेकेदाराचं आणि दोन्ही संघटनांचं नाव इथे देत नाही. तसं ठरलं होतं, आणि का ठरलं ते पुढे येईल.

टाकीत काय होतं

टाकी आरसीसीची, साडेतीन मीटर खोल, वर माणूस जेमतेम मावेल असं मॅनहोल. कारखाना दोन आठवडे शटडाऊनमध्ये होता. हवा सोडणारे पंप बंद, सांडपाणी उपसून टाकलेलं, पण तळाशी गुडघाभर गाळ तसाच. त्यात स्टार्च, प्रथिनं, सगळा सडणारा माल आणि वरून नागपूरचा मे. अशा गाळात प्राणवायू संपला की तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाईड तयार करतात. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गाळात विरघळून, अडकून बसतो. गाळ शांत असेपर्यंत वरच्या हवेत तो फारसा सापडतही नाही. फावडं घातलं की सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा भसकन सुटतो.

तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीत या वायूची आठ तासांची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग, होती आणि थोड्या वेळासाठीची १५. साधारण १०० पीपीएमला नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. पाचशे-सातशेच्या पुढे गेलं की माणूस काही मिनिटांत कोसळतो. हे आकडे लक्षात ठेवा, या प्रकरणाची सगळी कळ त्यांच्यात आहे.

अशा बंदिस्त जागेत माणूस उतरवण्याबद्दल त्याच कायद्याचं कलम ३६ अगदी स्पष्ट होतं. सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र हवं, कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवं. त्या दिवशी दाखला नव्हता आणि श्वसनयंत्रही नव्हतं. दोर होता.

दोन अर्ध्या गोष्टी

कारखान्याने केलेल्या चौकशीच्या कागदावर कारण असं होतं: ‘ब्लोअर सुरू न करता कामगार टाकीत उतरला.’ (ब्लोअर म्हणजे टाकीत ताजी हवा ढकलणारा पंखा.) युनियनच्या पत्रात असं होतं: ‘ब्लोअरची केबल वेल्डिंग मशीनला नेली होती आणि दहा मिनिटांचं काम आहे म्हणून सुपरवायझरने कामगाराला उतरवलं.’

दोन्ही वाक्यं खरी होती. मी स्वतः जाऊन पाहिलं. ब्लोअर टाकीपासून चार पावलांवर उभा होता, चांगला चालू स्थितीतला, फक्त त्याला केबल नव्हती. मालकाच्या कागदात यंत्र होतं आणि ते का बंद होतं हे नव्हतं. युनियनच्या पत्रात ते होतं, पण टाकीत कुठला वायू होता, तो कसा सुटला, याचा एक शब्द नव्हता. गोष्ट मधोमध चिरली गेली होती आणि प्रत्येकाने आपल्या बाजूची फोड उचलली होती.

याहून वाईट गोष्ट तिसऱ्या दिवशी कळली. दोन महिन्यांपूर्वी हिंगण्याच्या एका कारखान्यात अगदी अशाच टाकीत एक जण बेशुद्ध पडला होता. कारखानदारांच्या संघटनेला ते माहीत होतं. मासिक सभेत विषय निघालेला, इतिवृत्तात नोंदही झालेली: ‘सदस्यांनी टाकी सफाईच्या वेळी योग्य ती काळजी घ्यावी.’ हे वाक्य ईमेलने सगळ्या सदस्यांना गेलं. बुटीबोरीच्या या मालकालाही गेलं होतं, त्यांनी मला ते मोबाईलवर दाखवलं. ‘योग्य ती काळजी’ म्हणजे उद्या सकाळी नेमकं काय करायचं, हे त्यातून कुणाला कळणार?

कामगार संघटनेलाही ते माहीत होतं. त्यांनी त्या माणसाची भरपाई मिळवून दिली. खरोखर धावपळ करून, वेळेत मिळवून दिली, आणि फाईल बंद केली. त्यांच्या दृष्टीने काम पूर्ण झालं होतं.

आणि टाकी साफ करणारी टोळी दोन्ही ठिकाणी एकाच ठेकेदाराची होती. मुकादम मला म्हणाला, “हिंगण्यात तर आमचाच पोरगा पडला होता ना भाऊ. पन मंग कोनी इचारलंच नाही आमाले.”

शनिवारची बैठक

बैठक तीन तास चालली आणि पहिल्या दोन तासांत काहीच हाती लागलं नाही. कारखानदारांच्या वकिलाने सांगितलं की अपघाताचं वर्णन असलेला कुठलाही कागद बाहेर गेला की तो कारखाना कायद्याच्या कलम ९२ खालच्या खटल्यात मालकाविरुद्ध वापरला जाईल. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. युनियनचे सरचिटणीस म्हणाले, मालकांच्या प्रत्येक कागदात शेवटी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ येतो आणि तोच शब्द पुढे भरपाईच्या वेळी आडवा येतो. त्यांचंही खोटं नव्हतं. १९२३ च्या भरपाई कायद्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मालकाला तो बचाव चालत नव्हता. पण त्याहून कमी इजा असेल आणि सुरक्षेचा नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला असं दाखवता आलं, तर तो चालायचा. एका शब्दावर माणसाच्या घरात येणारे पैसे अडकतात. ‘निष्काळजीपणा’ या एका शब्दावर चाळीस मिनिटं गेली. मला ती वाया गेली असं वाटत नाही.

मग कुणीतरी बाजारगावचं नाव काढलं आणि खोली शांत झाली. अमरावती रोडवरच्या बाजारगावात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यात सहा बाया. पुढच्याच जूनमध्ये त्याच रस्त्यावर धामण्याला पुन्हा स्फोट झाला. या शहरात असं कुणी नाही ज्याच्या ओळखीत त्या रस्त्याला कामाला जाणारं कुणी नाही.

वाट दाखवली ती एका निवृत्त खाण कामगाराने. सरचिटणीसांनी त्यांना नुसतं ऐकायला म्हणून आणलं होतं. सिलेवाड्याकडच्या कोळसा खाणीत ते कामगार निरीक्षक होते. खाण नियमांत ही सोय आहे: कामगारांतलाच एक प्रशिक्षित माणूस खाणीत फिरतो, जे दिसेल ते बांधीव रजिस्टरमध्ये लिहितो आणि त्याखाली मॅनेजरला काय केलं ते लिहावं लागतं. काकांनी टेबलावर बोटाने चौकोन काढून दाखवला. “वर माझं, खाली त्याचं. पान तेच. मी त्याच्यावर आरोप करत नव्हतो अन् तो माझ्यावर नाही. छताला भेग आहे एवढंच लिहायचं. भेग कोणामुळं पडली ते तिथं लिहायचंच नाही, त्याच्यासाठी दुसरी जागा आहे.”

मला त्या क्षणी मनापासून वाईट वाटलं. कोळसा काढणाऱ्या वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स) मुख्यालय नागपुरात, मँगनीज काढणाऱ्या मॉयलचं नागपुरात. खाणींमध्ये सरकार, मालक आणि युनियन यांच्या सुरक्षा परिषदा १९५८ पासून होतात, धनबादजवळ चासनाल्याच्या कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला ३७५ माणसं बुडाली त्यानंतर त्या व्यवस्थेने पुष्कळ काही शिकून घेतलं. खाणीत जीव गेला की खाण सुरक्षा महासंचालनालय त्याचं कारण सांगणारी एक पानी सूचना काढतं, ती दुसऱ्या खाणींपर्यंत जाते. हे सगळं आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर चाललेलं आणि एमआयडीसीत आम्ही जणू वेगळ्याच मुलखात राहत होतो. खाणीतही माणसं मरतात, ती व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच पानावर दोघांनी लिहायचं, ही सवय तिथे आहे.

त्या चौकोनावरून पुढचं ठरलं. अपघात किंवा थोडक्यात हुकलेला प्रसंग घडला की सात दिवसांत एका पानाचं पत्रक निघेल. त्यावर कारखान्याचं, ठेकेदाराचं, माणसाचं नाव नसेल. कुणी काय चुकलं हे नसेल, वस्तू आणि जागा यांच्याबद्दलच लिहिलं जाईल. खाली दोन्ही संघटनांच्या सह्या. कारखाना कायद्याच्या कलम ८८ प्रमाणे सरकारला द्यायची अपघाताची सूचना, भरपाईचा दावा, खटला, हे सगळं आपापल्या रस्त्याने चालू राहील. पत्रकाचा आधार घेऊन ते कुणी थांबवणार नाही आणि पत्रक दाव्याला पुरावा म्हणून जोडणारही नाही. शेवटचा मुद्दा शब्दावर चालतो हे मी तिथेच सांगितलं. कोर्टाने कागद मागवला तर तो द्यावा लागेल. म्हणूनच त्यात जे लिहायचं ते असं, की कोर्टात वाचलं गेलं तरी कुणाला लाज वाटू नये.

खरं तर माहिती देणं ही मेहेरबानी नव्हेच. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात कलम १११-अ आलं. कामाच्या ठिकाणच्या आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मालकाकडून मिळवण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला त्याने दिला. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी धोक्यांची माहिती उघड करायला लावणारं ४१-ब आलं, ४१-ग खाली मालक आणि कामगारांचे सारखेच प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. पण पगारी सुरक्षा अधिकारी हवा ही अट हजार कामगारांपासून पुढे होती. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत ती ५०० वर आली, धोकादायक प्रक्रियेसाठी २५०. आमच्या वसाहतींत चाळीस-साठ माणसांचे कारखानेच जास्त. त्यांच्याकडे ना सुरक्षा अधिकारी, ना बहुतेक वेळा युनियन. तिथे माहिती पोहोचवायची तर संघटनांनीच पोहोचवायची.

पहिलं पत्रक आणि माझी चूक

पहिलं पत्रक मी लिहिलं. मालकांच्या बाजूने प्लांट मॅनेजरशी बोललो, युनियनच्या बाजूने त्या फिटरशी आणि आणखी दोन कायम कामगारांशी. सहाव्या दिवशी पान तयार झालं. दोन्ही सह्या झाल्या. मला अभिमान वाटला, तो मी लपवत नाही. त्यातलं चौथं वाक्य असं होतं:

‘टाकीतून सडक्या अंड्यासारखा उग्र वास येत असल्यास आत उतरू नये.’

पत्रक गेटवर लागलं, काही ठिकाणी पाळी बदलताना वाचून दाखवलं गेलं. दोन दिवसांनी मी मेडिकलमध्ये त्या पहिल्या माणसाला भेटायला गेलो. बालाघाटकडचा, पण दहा वर्षं कामठी रोडला राहून इकडचीच बोली बोलणारा. ऑक्सिजनची नळी काढलेली होती. पत्रक मी त्याला वाचून दाखवलं. चौथ्या वाक्यावर तो थांबवून म्हणाला:

“वास येऊन रायला होता ना साहेब. वरून येत होता. मंग खाली उतरलो, दोन-चार फावडे मारले अन् वास बंदच झाला. मले वाटलं, गॅस गेला. म्हनून तर मी तिथं थांबलो.”

मी खुर्चीवर बसून राहिलो. १०० पीपीएमला नाक बधिर होतं हे मला बावीस वर्षांपासून पाठ आहे, शेकडो लोकांना मी ते शिकवलं आहे. आणि तरी मी असं वाक्य लिहिलं होतं ज्याचा उलटा अर्थ सरळ निघतो: वास येत नसेल तर उतरा. वास थांबला तेव्हा त्याने जो निष्कर्ष काढला, नेमका तोच निष्कर्ष माझं पत्रक सगळ्या वसाहतीला शिकवत होतं, दोन संघटनांच्या सह्यांनिशी.

चूक कशी झाली यावर मी बराच विचार केला. मी दोन्ही बाजूंना विचारलं होतं आणि दोन्ही बाजूंना विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं असं धरून चाललो होतो. पण प्लांट मॅनेजर टाकीत उतरलेला नव्हता आणि फिटरही उतरलेला नव्हता. उतरलेला माणूस ठेकेदाराचा होता. तो कारखानदारांच्या संघटनेचा कुणी नाही, युनियनचा सभासदही नाही. मालक आणि युनियन यांच्यात माहितीची देवाणघेवाण कितीही चांगली झाली, तरी जो टाकीत जातो तो त्या टेबलावर नसतो. वासाबद्दलची एकमेव साक्ष त्याच्याजवळ होती, आणि ती मिळाली कारण मी संत्री घेऊन भेटायला गेलो म्हणून. चौकशीचा भाग म्हणून नाही.

त्याच संध्याकाळी फोन करून सगळ्या गेटवरची पत्रकं उतरवायला लावली. दुसऱ्या पत्रकात चौथं वाक्य बदललं: ‘वास आधी येऊन नंतर बंद झाला तर धोका वाढला आहे, ताबडतोब बाहेर या. वासावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा.’ आणि पाचवं नवीन घातलं: ‘आत कुणी पडला तर मागोमाग उतरू नका. दोर ओढा, ब्लोअर लावा, मदत बोलवा.’ अमेरिकेच्या निओश संस्थेने १९८६ साली नोंदवलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृतांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. हा आकडा पत्रकात घालावा असं मला वाटत होतं. मुकादमाने नको म्हटलं. म्हणाला, आकडा कोणी लक्षात ठेवत नाही, मिठी मारून धरणाऱ्या फिटरचं लिहा. ते लिहिलं, नाव न घालता. हिंदीतही छापलं, कारण टोळीतली निम्मी माणसं छिंदवाडा, शिवनी, छत्तीसगडकडची.

नियमही एका वाक्याने वाढला: जो माणूस प्रत्यक्ष त्या जागी होता त्याला वाचून दाखवल्याशिवाय पत्रकावर सही होणार नाही, मग तो कोणाच्याही हजेरीवर असो.

मीटरची गोष्ट

पत्रकात ‘मीटर’ लिहिलं, पण चार वायूंचा गॅस डिटेक्टर चाळीस माणसांच्या कारखान्यात असतो कुठे? कारखानदारांच्या संघटनेने दोन डिटेक्टर आणि माणसाला दोराने वर ओढायचा ट्रायपॉड व विंच असा सामायिक संच घेतला. हे त्यांनी मनावर घेऊन केलं आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. संच संघटनेच्या कार्यालयात, कुलूपबंद कपाटात ठेवला गेला.

पहिले सहा आठवडे तो कुणी नेलाच नाही. युनियनचं म्हणणं पडलं की मालकांना इच्छा नाही. मालक म्हणाले, कामगारांना सवय नाही. कारण साधं होतं आणि तेही मुकादमानेच सांगितलं: टाक्या साफ होतात सुट्टीच्या दिवशी, आणि सुट्टीच्या दिवशी कार्यालय बंद. संच मग चोवीस तास सुरू असणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर हलवला. सिक्युरिटीजवळ वही ठेवली, नेताना वेळ लिहायची आणि परत करताना वाचन लिहायचं. सेन्सर ठरावीक मुदतीत तपासून घ्यावा लागतो, नाहीतर मीटर शून्य दाखवत राहतो आणि माणूस बिनधास्त उतरतो. ती तारीख डिटेक्टरच्या पाठीवर पांढऱ्या पट्टीवर मार्करने लिहिलेली असते. ते काम माझ्याकडे आहे.

अजून काय जमलेलं नाही, तेही सांगतो. थोडक्यात हुकलेले प्रसंग अजून वर येत नाहीत. आतापर्यंत निघालेली पत्रकं सगळी इजा झाल्यानंतरची आहेत. काही मालक पत्रक आलं की गेटवर न लावता फाईलला लावतात. आणि ठेकेदाराची माणसं बैठकीला येऊ शकत नव्हती, कारण आलं तर त्या दिवसाची हजेरी बुडते. यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी बैठकीला येणाऱ्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कारखानदारांच्या संघटनेने द्यायची आणि येण्याजाण्याचं भाडं युनियनने, असं ठरलं.

त्या व्यवस्थेतून पहिला आला तो तोच, टाकीत पहिला पडलेला. खोकत खोकत जिना चढला. भिंतीवर दुसरं पत्रक लावलेलं होतं, ते उभ्यानेच वाचलं, बोट ठेवून, सावकाश. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, यात दोराचं लिहिलं, पन दोर कसा होता ते नाही लिहिलं. मॅनहोलच्या काठाले घासू घासू त्याचे पीळ निघाले होते. मले वर ओढलं तवा दोनच पीळ उरले होते, या पोरायनं नंतर दाखवलं मले.”

तो दोर शोधायला प्लांट मॅनेजरने तिथूनच फोन लावला. टाकीजवळच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेला सापडला, पुढच्या सफाईसाठी ठेवलेला. तिसऱ्या पत्रकावर त्याचा फोटो आहे.